किशोरांच्या हाती कादंबरी द्या

संपादक महोदय,

सुट्टीत पालकांना सुचवल्या जाणाऱ्या पुस्तकांत बालकथा आणि चरित्रे भरपूर असतात, परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी क्वचितच असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पाचवी-सहावीला पुरतो. त्यापुढे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) मी आग्रहाने सुचवीन. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद, बांधकाम चाललेल्या इमारतीत मित्रांसोबत रंगणाऱ्या त्याच्या गप्पा आणि वर्गातल्या शिरोडकर या मुलीबद्दलची त्याची ओढ, हे सारे त्या वयाच्याच बोलीत येते. ‘हे मुलांसाठी नाही’ म्हणून ती कपाटात कुलूपबंद ठेवणे मला अन्यायाचे वाटते. शाळांनी तिच्या दोन-तीन प्रती नववीच्या वर्गातच ठेवाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, सातारा