रानात कोकमाचे कलम नको, बियांचे रोप लावा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण पश्चिम घाटातले हेच झाड आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) लाल यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे. बागेतला रातांबा, म्हणजे कोकमच, वाढेल. प्रश्न रानातल्याचा आहे.

वनलागवडीत कोकम घ्यायचे ठरले की कलमांकडे हात जातो. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. कलम लवकर फळते आणि मादीच असल्याची खात्री असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती बागेसाठी उत्तमच. पण कलम म्हणजे एकाच झाडाची नक्कल. रानभर नकला लावल्या की वाण उरतो, विविधता जाते. शिवाय डोळकाडी (कलमासाठी जोडायची काडी) आडव्या फांदीची असेल तर कलम वर न जाता जमिनीलगत पसरते. सरळ वाढणाऱ्या शेंड्याचीच काडी लागते, हे रोपवाटिकेत नेहमी पाळले जात नाही.

बियांच्या रोपांत साधारण निम्मी झाडे नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात. मग ‘वांझ’ म्हणून नराचा सरपणासाठी बळी जातो. मादीला फळ धरायला पराग कुठून यायचा, हे कुणी विचारत नाही! बागेतसुद्धा दहा मादी कलमांमागे एक नर ठेवावा लागतो. वनहद्दीतले नर तोडू नयेत, एवढा लेखी आदेश तरी निघावा.

दुसरी अडचण बियांची. सालीचे आमसूल होते, बियांचे मुठेल (कोकमाचे घट्ट तेल). म्हणजे गोळा केलेल्या फळातले काहीच रानात परत जात नाही. संकलकांना प्रत्येक झाडाखाली थोडी पिकलेली फळे सोडायला सांगा. वानर-माकडे उरलेले काम करतात.

रोपांसाठी बी निदान तीस-चाळीस वेगवेगळ्या रानझाडांचे घ्यावे, एका गावच्या एका ढिगातले नव्हे. गर राखेने चोळून धुवावा, बी सावलीत निथळवून लगेच पिशवीत पेरावे. ते उन्हात वाळवले किंवा गोदामात ठेवले की त्याची उगवण झपाट्याने घटते. साठवण त्याला फारशी सोसत नाही. फळ एप्रिल ते जूनमध्ये पिकते. त्यामुळे बी-संकलनाचा आदेश जूनमध्ये निघाला तर ते वर्ष गेलेच. तो मार्चअखेर रोपवाटिकांच्या हाती असावा, ही विनंती.

आपले,
कोकम रोपवाटिका व संकलनाचे काम करणारे