निकोबार जिल्ह्याचं मुख्यालय आणि त्याचं दुसरं टोक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ग्रेट निकोबारमधील नियोजित बंदर, विमानतळ आणि नवीन नगर यांवर सध्या भरपूर लिहिलं जातं आहे. एका बाजूला संरक्षण आणि व्यापार, दुसऱ्या बाजूला जंगल आणि गलाथिया उपसागराच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं. दोन्ही बाजू वाचल्या. पण या भागाचा रोजचा कारभार कुठून आणि कसा चालतो, हा साधा मुद्दा कुणी काढलेला दिसत नाही. भूगोलाचा निवृत्त शिक्षक म्हणून तो मांडतो.

1 ऑगस्ट 1974 रोजी अंदमानातून वेगळा काढलेला निकोबार जिल्हा दहा अंश खाडीच्या, म्हणजे अंदमान आणि निकोबार यांच्यामधल्या समुद्रपट्ट्याच्या, दक्षिणेला पसरला आहे. क्षेत्रफळ 1841 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेनुसार वस्ती 36,842. मुख्यालय कार निकोबारला, म्हणजे मोठ्या वस्तीच्या बेटांपैकी अगदी उत्तरेकडच्या, सपाट, प्रवाळी बेटावर. जिल्ह्याची जवळपास निम्मी माणसं तिथे राहतात, त्यामुळे ती निवड चुकीची म्हणता येत नाही. पण जिल्ह्याची अर्ध्याहून अधिक जमीन आहे ती ग्रेट निकोबारमध्ये, दुसऱ्या टोकाला. तिथलं मुख्य गाव कॅम्पबेल बे हे जिल्हा मुख्यालयापासून सरळ रेषेतच सुमारे 270 किलोमीटर दूर, आणि मध्ये समुद्र. जहाजाची तारीख हुकली किंवा पावसाळ्यात हेलिकॉप्टर उडालं नाही, की कागदही अडतो आणि रुग्णही. बरं, या केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा नाही. लोकसभेत सगळ्या बेटांचा मिळून एक खासदार, बाकी निर्णय नायब राज्यपाल आणि दिल्ली.

आता खुद्द ग्रेट निकोबार बघा. 1969 पासून पूर्व किनाऱ्यावर माजी सैनिकांची कुटुंबं वसवली गेली. त्यांत पंजाबी आहेत, तसे महाराष्ट्रातलेही आहेत, हे आपल्या वाचकांना फारसं ठाऊक नसावं. गोविंदनगर, लक्ष्मीनगर, विजयनगर अशा त्यांच्या गावांना ग्रामपंचायती आहेत. निकोबारी लोकांचा कारभार मात्र गावाचे कॅप्टन, म्हणजे गावप्रमुख, आणि आदिवासी परिषद बघतात. जंगलातल्या शोंपेन लोकांचं म्हणणं तर दोन्हीकडे पोहोचत नाही. बेट एकच, पण सगळ्यांनी एका बैठकीत बसून प्रश्न सोडवावा अशी जागा नाही.

याचा फटका 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर बसला. बेटाच्या दक्षिण टोकाच्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली, हे पाठ्यपुस्तकातही येतं. पुढचं येत नाही. निकोबारी समाजात जमीन, माड आणि डुकरं तुहेतची, म्हणजे सामाईक कुटुंबाची असतात. सरकारी मदत मात्र सुट्या कुटुंबाच्या नावे धनादेशाने वाटली गेली. ज्यांच्या वाडीत माडाची झाडं कुणाची हे तोंडपाठ, त्यांना अचानक बँकेचं खातं आणि 'कुटुंबप्रमुख' कोण हे ठरवावं लागलं. मदत करणाऱ्यांची नियत वाईट नव्हती, पण समोरचा समाज कसा राहतो हे फॉर्ममध्ये कुठे भरायचं? दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या निकोबारींना कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत आणलं गेलं. मूळ गावी परत जाऊ द्या, ही त्यांची मागणी अजून उभीच आहे.

म्हणूनच ऑगस्ट 2022 मध्ये आदिवासी परिषदेने प्रकल्पाला दिलेली ना-हरकत नोव्हेंबरमध्ये मागे घेतली, यात मला धरसोड दिसत नाही. या प्रकल्पात आपली त्सुनामीपूर्वीची गावंही जाणार, हे उशिरा लक्षात आलेल्या माणसांनी दुसरं काय करावं?

माझं म्हणणं इतकंच आहे. प्रकल्प हवा की नको हा वाद चालू द्या. त्याआधी कॅम्पबेल बेच्या सहायक आयुक्तांकडे जमीन, आरोग्य आणि वाहतूक यांबाबत निर्णयाचे पुरते अधिकार द्या. जहाजाचं वेळापत्रक महिन्याआधी जाहीर करून ते पाळा. पंचायत आणि आदिवासी परिषद यांची संयुक्त बैठक नियमाने बंधनकारक करा, आणि तिचं इतिवृत्त निकोबारी व हिंदी, दोन्ही भाषांत ठेवा. याला हजारो कोटी लागत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक