शनिवारी एक मोठं खोकं येईल

पुणे, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

शनिवारी घरी एक मोठं खोकं येईल. बाबा, ते दारातूनच परत पाठवू नका. आत ओवीसाठी गाडीतली खुर्ची आहे. पैसे भरून झालेत, तेव्हा "कशाला एवढा खर्च" हा विषय संपला असं धरू. दिवाळीत आम्ही येऊ तेव्हा तुमच्या गाडीत ओवी त्या खुर्चीतच बसेल, मांडीवर बसणार नाही. जोतिबाला जाताना नाही आणि गंगावेशीपर्यंत दूध आणायला जातानाही नाही. आमचं दोघांचं ठरलंय.

आई, तुझा चेहरा मला इथून दिसतोय. म्हणूनच फोन न करता लिहितेय. फोनवर तू "बरं बाई, तुझी पोरगी, तुझं म्हणणं" म्हणशील आणि नंतर गारगोटीच्या मावशीला तासभर सांगत बसशील.

आधी एक सांगते. बाबांच्या गाडी चालवण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला साधी घासली नाही, हे मी सासरीसुद्धा अभिमानानं सांगते. पण शिरोली नाक्यावर उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते कुठं ठाऊक असतं? त्यात आता कारखाने सुरू होतील. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन-दोन हात बाहेर आलेला आणि ट्रॅक्टरवर गाणी फुल्ल, अशा दोन-दोन ट्रॉल्या रात्रीच्या अंधारात पुढ्यात येतात. तिथं चूक कुणाची हे नंतर ठरतं.

बाबा, तुमचा जन्म उद्यमनगरच्या कारखान्यांत गेला. तुम्हाला हिशेब दिला की पटतं, म्हणून देते. 50 च्या वेगानं आदळणं म्हणजे साधारण 10 मीटरवरून, तीन मजली घराच्या गच्चीवरून खाली पडणं. करून बघा, तोच वेग येतो. बॉनेट चेपत चेपत गाडी अर्ध्या मीटरात थांबली असं धरलं, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या वीसपट जोर येतो. ओवी साडेनऊ किलोची आहे. म्हणजे त्या क्षणी आईच्या हातात दोनशे किलोच्या आसपास, सिमेंटची चार पोती. खासबागेतल्या पैलवानालाही ती धरता येणार नाहीत, आणि आईचा तर उजवा खांदा अजून वर जात नाही. आई, तुझी माया कमी पडते असं कुणी म्हणत नाही गं. हात कमी पडतात, सगळ्यांचेच.

आणि माझी खरी काळजी ओवीची नाहीच. तिची सोय मी केली. काळजी तुमची आहे. आई, बाबा पुढं पट्टा लावतात, निदान हायवेला तरी लावतात. तू त्यांच्या मागं मोकळी बसतेस, चप्पल काढून, मांडी घालून. गाडी थांबली तरी तू थांबणार नाहीस. तू साठ किलोची, म्हणजे वरच्याच हिशेबानं टनाहून जास्त जोर बाबांच्या सीटच्या पाठीवर, आणि पुढं पट्ट्यात बांधलेले बाबा. त्यांना पुढून एअरबॅग आहे, मागून काय आहे? 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली, तेव्हा एवढी भारी गाडी असून असं कसं, म्हणून बाबा, तुम्हीच दिवसभर टीव्हीसमोर हळहळत होता. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. ते दोघंही गेले. पुढचे दोघं जबर जखमी झाले, पण वाचले.

तुम्ही काय म्हणणार तेही मला माहितीय. "तुला चेतकवर पुढं उभी करून अख्खं कोल्हापूर फिरवलं, काय झालं?" काही झालं नाही. संध्याकाळी रंकाळ्यावरून येताना मी हँडलच्या मधे दोन्ही हात धरून उभी असायचे, आणि तुम्ही ब्रेक लावला की तुमचे दोन्ही गुडघे मला आपोआप आवळायचे. मान वळवायचीही गरज नसायची, कळायचंच की बाबा आहेत. त्यानंतर तेवढं निर्धास्त मला कुठंच वाटलं नाही, विमानातसुद्धा नाही. पण तेव्हा मिरजकर तिकटीला गाड्यांपेक्षा सायकली जास्त होत्या, आणि चेतक तीसच्या वर गेली की आई पाठीत चिमटा काढायची. आपलं नशीब चांगलं होतं, बाबा. आपल्या गल्लीत सगळ्यांचंच तसं नव्हतं. ते नाव मी लिहीत नाही, आईला रात्री झोप लागणार नाही.

आता खुर्चीचं. ती उलटी बसवायची आहे, म्हणजे ओवीचं तोंड मागच्या काचेकडं. आई, घाबरू नकोस, तिला काही त्रास होत नाही. इथं पुण्यात ती तशीच बसते आणि पाच मिनिटांत घोरते. या वयात डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली तर डोकं पुढं फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलटं बसवलं की पाठ, मान, डोकं सगळं खुर्चीच्या पाठीत दाबलं जातं आणि जोर वाटला जातो. स्वीडनमध्ये तर मुलांना चार वर्षांपर्यंत असंच बसवतात. पाय दुमडून बसावं लागतं एवढंच, आणि ओवी तशीही जेवताना पायाचा अंगठा तोंडात घालून बसते.

तुझ्या सोयीचं सांगायचं तर तू तिच्या शेजारीच बसायचं आहेस. ती मागं तोंड करून असली की तिला समोर तूच दिसतेस. मांडीवर असते तेव्हा तिला तुझी हनुवटी दिसते. हात धर, गाणी म्हण, काय हवं ते कर. फक्त चालत्या गाडीत तिला भडंग किंवा शेंगदाणे भरवू नकोस, घशात अडकतं आणि कुणाला कळतही नाही. रडायला लागली तर बाबांना गाडी पेट्रोल पंपावर बाजूला घ्यायला सांग, तिला काढ, कडेवर घे, पाणी पाज, पुन्हा बसव. पाच मिनिटं उशीर झाला तर मावशीचं जेवण काही पळून जात नाही.

खुर्ची बसवायचं काम बाबांचं. तुमच्या गाडीला आयसोफिक्सचे, म्हणजे खुर्ची पट्ट्याशिवाय थेट अडकवायचे हुक नाहीत, मागच्या खेपेला मी सीटच्या फटीत हात घालून बघितलंय. म्हणून गाडीच्या पट्ट्यानं बांधायची खुर्ची घेतली. मागं डावीकडं बसवा, म्हणजे तिला रस्त्याच्या कडेनं उतरवता येईल. मधे नको, तिथं फक्त कमरेचा पट्टा आहे. पुढच्या सीटवर तर कधीच नको. उलट्या खुर्चीच्या पाठीवर एअरबॅग उघडली तर जीवच जाईल. पट्टा खुर्चीच्या खाचेतून घालून, गुडघ्यानं खुर्ची दाबून तो आवळा, आणि पट्टा जातो तिथंच धरून हलवून बघा. इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांधा. "प्लॅस्टिक आहे" म्हणून नाक मुरडू नका, आतला फोम चेपूनच धक्का खातो. आत्याच्या माळ्यावरची जुनी खुर्ची मी याचसाठी नको म्हटली. ती कुठं आदळली होती का हे आता कुणालाच आठवत नाही, आणि फोमला गेलेला तडा वरून दिसत नाही. आत्याला हे असं सांगू नका, म्हणावं रंग आवडला नाही.

ओवीला बांधल्यावर खांद्याच्या हाडापाशी तिचा पट्टा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत आला तर सैल आहे. जाड स्वेटर घालून बांधायचं नाही, धडकेत स्वेटर चेपतो आणि पट्टा ढिला पडतो. जोतिबाला पहाटे गार असतं, तर आधी पट्टा, मग वरून शाल. गाडी उन्हात उभी असली तर आई, आधी बकलला तुझा हात लावून बघ.

दादू आमच्या गाडीत त्याच्या उंच बैठकीवर बसेल. त्याला ती 145 सेंटीमीटर उंच होईपर्यंत लागणार, नाहीतर पट्टा मानेवर आणि पोटावर येतो. तो रडेल, "आजोबांच्या गाडीत" म्हणेल. बाबा, विरघळू नका. दोन सीटच्या मधे उभं राहून तुम्हाला गिअर टाकायला मदत करणं आता बंद. घरासमोर, गाडी बंद असताना हवं तेवढं स्टिअरिंग फिरवू दे.

कायदाही हेच सांगतो. 2019 च्या दुरुस्तीपासून 14 वर्षांखालचं मूल पट्टा किंवा अशी खुर्ची यांच्याशिवाय गाडीत असेल तर 1000 रुपये दंड आहे, आणि मागच्या मोठ्या माणसांनाही पट्टा सक्तीचा आहे. तावडे हॉटेलपाशी आजवर कुणी अडवलं नाही, हे मी ऐकून आहे.

आता तुमच्या दोघांच्या पट्ट्यांचं. मागचे बकल त्या जाड सीट कव्हरखाली गाडले गेलेत. कुशनवाल्याकडं जाऊन तिथं नीट चिरा मारून घ्या. पट्टे पूर्ण बाहेर ओढून बघा, इतकी वर्षं आत आहेत, उंदरानं कुरतडले असतील तर बदलायचे. हळू ओढला की आला पाहिजे आणि झटका दिला की अडकला पाहिजे. हा तीन टोकांचा पट्टा 1959 मध्ये व्होल्वोच्या नील्स बोलिन या इंजिनिअरनं आणला. आधी तो विमानातल्या वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीट बनवायचा. कंपनीनं पेटंट सगळ्यांना वापरू दिलं. बाबा, तुम्हाला आवडला असता हा माणूस.

आई, पट्टा गळ्याशी येऊन गुदमरतं म्हणतेस ना? पुढं बसशील तेव्हा दाराच्या वरच्या खांबावर पट्टा जिथून येतो तिथं खटका आहे, तो दाबून पट्टा खाली सरकव. मागं तशी सोय नाही, तिथं ताठ, मागं टेकून बस, म्हणजे पट्टा खांद्याच्या मधून जातो. काखेतून घ्यायचा नाही, बरगड्या मोडतात. खालचा भाग पोटावरून नको, निऱ्यांच्या खाली, कमरेच्या हाडांवर. पदर पट्ट्याच्या आत चापून बसवला की चुरगळत नाही, मी करून बघितलंय, लग्नाच्या साडीतसुद्धा.

आणि डॅशबोर्डवरची जोतिबाची पितळी मूर्ती. आई, रागावू नकोस. ती नेमकी डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवली आहे. एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते, आणि त्या झाकणावर जे असेल ते समोर बसलेल्याच्या तोंडावर येतं. पुढं बसतेस तेव्हा समोर तूच असतेस. मूर्ती घरात देव्हाऱ्यात नीट पूजेला ठेव, गाडीत मधोमध छोटा फोटो लाव. देव तोच आहे की.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रात्रीची गाडी नको, हे तुमच्या डॉक्टरांनीही सांगितलंय. गारगोटीहून चारलाच निघायचं. मावशी "चहा घेऊन जा" म्हणेल, तो तीनला घ्या.

कुशनवाल्याकडं उद्याच जा, दिवाळीच्या तोंडावर तो मोकळा सापडत नाही. खुर्ची बसवून झाली की व्हिडिओ कॉल करा, मला आतून दाखवा. गोळ्या वेळेवर घ्या दोघंही.

तुमची,
छबी

ता. क. बाबा, पट्टा न लावता बीप बंद करायला तुमच्या मित्रानं दिलेली ती नुसती कडी अजून ड्रायव्हरच्या बकलमध्ये आहे. हायवे सोडला की तुम्ही ती घालता, मी बघितलंय. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा कड्या ऑनलाइन विकायला मनाई केली. एअरबॅगसुद्धा पट्टा लावलेला आहे असं धरूनच बनवलेली असते. तेव्हा ती कडी काढा आणि कचऱ्यात टाका. टेबलाच्या खणात ठेवू नका, तिथून ती परत गाडीत जाते.