बाईंचा गांधार

मैलापूर, चेन्नई
३ जानेवारी

प्रिय मने,

आपल्या गाण्याच्या बाईंच्या वर्षश्राद्धाला आले नाही, म्हणून तुला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. सात महिने गप्प राहिले, त्याबद्दल हवं ते बोल. घसा बरा आहे, आई-बाबा ठीक. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

माझी कच्चेरी, म्हणजे मैफल, झाली. मार्गळीच्या (डिसेंबर-जानेवारीच्या) संगीत सीझनमध्ये दुपारी १२ची वेळ आमच्यासारख्या नव्यांची, संध्याकाळ मोठ्यांची. समोर ४०-५० माणसं, बहुतेक आजी-आजोबा, सगळ्यांचा हात मांडीवर ताल धरून! इथल्या माझ्या गुरू, टीचर, यांनी मुख्य राग तोडी घ्यायला सांगितली होती. इथली, कर्नाटक संगीतातली, तोडी म्हणजे आपल्या हिंदुस्थानी भैरवीचे सूर, हे पूर्वी सांगितलं तेव्हा तू "मग सोपंच की" म्हणाली होतीस. सोपं नाही गं. इथला 'ग', गांधार, एका जागी उभा राहतच नाही. रिषभ-मध्यमाच्या मध्ये तो झुलत असतो, आणि ते झुलणं म्हणजेच तोडी. साडेपाच कट्टैची पट्टी (आपली काळी चार) लावून मी रोज पहाटे तो एवढा एकच स्वर घोटत होते. १९व्या वर्षी सात-आठ वर्षांच्या पोरांशेजारी बसून मायामाळवगौळ रागातल्या सरळी वरिसै, म्हणजे अगदी पहिले स्वरपाठ, म्हटल्या, तेव्हाही इतकं जड गेलं नव्हतं.

आणि आलापनेत, 'त द री न' करत वर जाताना, गांधारावर आले आणि तो हललाच नाही. सरळ, शांत, बाईंचा गांधार. दोन-तीन सेकंद असेल. व्हायोलिनवाल्या अण्णांनी चमकून पाहिलं आणि त्यांची पाळी आली तेव्हा मुद्दाम तिथेच झुलता गांधार घेतला, मला सावरायला. देव त्यांचं भलं करो. पुढे कृती (म्हणजे बंदिश), तिच्या एका ओळीचा विस्तार म्हणजे निरवल, आयत्या वेळी रचलेले कल्पनास्वर, मृदंगाचं एकट्याचं वादन म्हणजे तनि आवर्तनम, सगळं नीट झालं. शेवटी अभंग. मराठी मुलगी म्हटली की तो हवाच, आणि आज्या तो फार मनापासून ऐकतात.

टीचर काहीच बोलल्या नाहीत. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तोडीत ती चूकच, हे मला कळतं. पण मने, सहा वर्षांत गाताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि हेच मला छळतंय.

रात्री तंबोरा लावून बाईंची भैरवी म्हटली. तिथे गांधार थरथरला! तोडीत उभा, भैरवीत हलता. इकडे शिकायला निघाले तेव्हा मिरज स्टेशनवर तू म्हणालीस, "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," आणि मी तुझा डबा न घेताच गाडीत चढले. सहा वर्षं त्या एका वाक्याचा राग धरला. आता रोज तेच आठवतं. बाई असत्या तर तंबोऱ्याच्या दोन तारा जुळेस्तोवर झोपणाऱ्या तुला जशी टपली मारायच्या, तशी मलाही मारली असती, आणि पुढे "पुन्हा म्हण" एवढंच.

पुढच्या आठवड्यात तिरुवैयारूला त्यागराज आराधना, म्हणजे संत-रचनाकार त्यागराजांच्या पुण्यतिथीचा उत्सव. कावेरीकाठी सगळ्यांनी मिळून त्यांच्या पाच पंचरत्न कृती म्हणायच्या. त्यातली वराळी रागाची टीचरनी समोर बसवून शिकवली नाही. वराळी शिकवली की गुरु-शिष्यांत वितुष्ट येतं म्हणतात, म्हणून ती ऐकून उचलायची. ते काम बहुतेक तोडीनंच केलं. तिथे जाताना गाडीत टीचरच्या शेजारी पाच-सहा तास बसायचंय. काय बोलू?

तुझी नवी शाळा कशी आहे? धाकटीला दात आले का? काकूंच्या गुडघ्याचं काय झालं? सगळं लिही.

आणि बाईंच्या शेवटच्या गुरुपौर्णिमेचं ते रेकॉर्डिंग, ज्यावरून आपण भांडलो, ते पाठवशील? सगळं नको. भैरवीत बाई गांधारावर थांबतात, तेवढंच. आराधनेच्या आधी मिळालं तर बघ.

तुझी,
नीलू