कोपऱ्यात उभं केलंस म्हणून

ताई,

फोनवर आभार मानायला गेलं की तू विषय बदलतेस. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदल.

लालबागला मंडळाकडून कबड्डी खेळायचे तेव्हा सराव म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी उतरायचं, चार चढाया मारायच्या, गुण आणायचे की घरी. नववीत उत्कृष्ट चढाईचं बक्षीस म्हणून मिळालेला मिक्सर आईकडे अजून चालतो (खडखडतो, पण चालतो). त्या मिक्सरची गुर्मी घेऊनच मी माटुंग्याला कॉलेजच्या संघात आले. सराव सहाचा, मी साडेसहाला. करी रोडला लोकल उशिरा आली, हे तू दोनदा ऐकून घेतलंस. तिसऱ्यांदा एवढंच म्हणालीस, "मी बदलापूरहून येते गं."

पहिल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यात ७ चढायांत ५ वेळा माझी पकड झाली. मी मॅटला दोष दिला. थोडा होताही. मातीत पाय घसरतो, आणि माझं सगळं निसटणं त्या घसरण्यावरच होतं. मॅटवर बूट जिथल्या तिथे रुततो. पण तू वही पुढे केलीस. माझ्या प्रत्येक चढाईचा बाण काढलेला. सगळे बाण उजवीकडे!

मग महिनाभर तू मला चढाईच करू दिली नाहीस. कोपऱ्यात उभं केलंस, घोट्याची पकड शिकायला. किती चिडले होते मी. घरी येऊन आईला सांगितलं, ही माझ्यावर जळते. (हे तुला आज कळतंय. माफ कर.) पण तिथे वाकून दुसऱ्यांचे पाय बघता बघता लक्षात आलं, की चढाई करणारीचा मागचा पाय आधीच सगळं सांगून टाकतो. मी तर पाय मारण्याआधी डावा हातही वर न्यायचे. पत्र पाठवून येण्यासारखंच ते!

आणि बोनस. समोर निदान सहा जणी असताना एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा, दुसरा हवेत. मला तो भिकेचा गुण वाटायचा. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडची महिला कबड्डीची अंतिम लढत आपण सराव थांबवून मोबाइलवर पाहिली. भारत २६, चायनीज तैपेई २५. सगळ्या नाचत होत्या आणि तू माझ्या कानात विचारलंस, "परवा तू किती बोनस सोडलेस?"

चार. मोजले होते मी, तुला सांगितलं नव्हतं.

यंदा मी कप्तान आहे. सहाला पाच कमी असताना मैदानावर असते. घोट्याची पकड मात्र अजून दहांत तीनदाच बसते. शनिवारी येशील का? बदलापूरहून लांब पडतं, ठाऊक आहे. आईने घावन करायचं कबूल केलंय, पीठ त्याच मिक्सरमधलं.

तुझीच,
उजवीकडे पळणारी