मातीला माप आहे, पाण्याला का नाही?

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पत्रक चिकटते : ‘दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका.’ नाला खोलीकरण, पांदण रस्ता, शेततळे अशा कामांवरच्या मजुरांना त्याचा काय उपयोग? रोजगार हमी योजनेच्या (रोहयो) कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी द्यावी, हे नियमातच आहे. पण किती पाणी आणि कुठे सावली, हे कुणी विचारत नाही. खोदलेली माती मात्र घनमीटरात मोजली जाते.

मे महिन्यात कुदळ चालवणाऱ्याला दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला पाऊण लिटर पाणी लागते. सकाळी सहा ते अकरा धरले तर माणशी पावणेचार लिटर. तीस मजुरांना वीस लिटरच्या सहा कॅन हव्यात. येतात दोन, त्याही उन्हात ठेवलेल्या. नऊ वाजता पाणी कोमट होते आणि कुणी घोटभरापलीकडे पीत नाही. कॅनला ओले पोते गुंडाळून सावलीत ठेवले तरी फरक पडतो. रांजण असेल तर उत्तमच. बायका तर मुद्दाम कमी पितात, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. मग दुपारी चक्कर, संध्याकाळी उन्हाळी, म्हणजे लघवीची जळजळ. चार बांबू आणि जुनी लुगडी, एवढ्यात हा प्रश्न सुटतो.

ओआरएसचे एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात टाकायचे. पेल्यात अर्धे पाकीट ढवळून दिले तर मीठ जास्त होऊन उलट त्रास वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चिमटीचा अंदाज नको.

सावलीला टिनाचे पत्रे नकोत, ते खालच्या माणसाला भाजून काढतात. हिरवी जाळी दुहेरी करून बांबूवर ताणावी, आणि काम नाल्याने पुढे सरकेल तसा मांडवही सरकवावा. अर्धा किलोमीटर मागे राहिलेल्या मांडवात कुणी जात नाही.

सर्वांत जास्त धोका नव्या माणसाला. शरीर उन्हाला सरावायला आठवडा-दोन आठवडे घेते. म्हणून पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे. पण मजुरीसाठी मोजमाप साऱ्या टोळीच्या कामाचे मिळून होते. एक मागे पडला की साऱ्यांची मजुरी घटते, म्हणून तो रेटून काम करतो. आमच्या मते खरी गाठ इथेच आहे. एप्रिल-मेमध्ये पूर्ण मजुरीसाठी लागणारे घनमीटर कमी केल्याशिवाय नुसत्या सूचनांनी काही होणार नाही. हजेरीसाठी ॲपवर दिवसातून दोनदा टोळीचा फोटो काढावा लागतो, तेही आडवे येते. काम आटोपलेली टोळी दुसऱ्या फोटोसाठी उन्हात ताटकळते.

उष्माघातात घाम थांबतोच, हा समज घातक आहे. मेहनतीचे काम करणाऱ्याला घामाघूम असतानाही तो होतो. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला की लगेच १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि दुपट्ट्याने सतत वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, आणि कांदा हुंगवण्यात वेळ जातो तेवढाच.

अंगावर ओतायलाच वीसेक लिटर लागते. म्हणून तीस मजुरांमागे सहा नव्हे, सात कॅन धरा, आणि त्यांचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच घाला.

— ग्रामरोजगार सेवक व आशा स्वयंसेविका,
सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर