कोल्हा चावला, तर तो कोणत्या खात्याचा?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

रेबीज म्हटलं की आपलं खातं भटक्या कुत्र्यांकडे वळतं. ते बरोबरच आहे; जगात माणसांना होणारा सुमारे ९९ टक्के रेबीज कुत्र्यांमुळेच होतो. पण कोल्हा, मुंगूस, वटवाघूळ यांच्याकडूनही हा विषाणू घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो, आणि तिथे सगळा गोंधळ आहे.

समजा, रात्री पाळलेल्या कुत्र्याची कोल्ह्याशी झटापट झाली आणि कोल्हा पळाला. विचारायचं कुणाला? कुत्रा पशुसंवर्धनाचा, कोल्हा वनखात्याचा, आणि कुत्र्याच्या मानेवरची लाळ उघड्या हाताने पुसणारं पोर तुमचं! एका खात्याकडे खबर आली की उरलेल्या दोघांना त्याच दिवशी कळवणं बंधनकारक करा.

‘चावणाऱ्यावर १० दिवस नजर ठेवा’ हे लोकांना पाठ झालंय. तो नियम कुत्र्या-मांजरांचा. वन्य प्राणी चावल्यावर वाट पाहणं जिवावर बेतेल, कारण लक्षणं दिसू लागली की हा आजार जवळजवळ कधीच बरा होत नाही. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. वटवाघळाचे दात इतके बारीक, की चाव्याची खूणही दिसत नाही. झोपलेल्या मुलाच्या खोलीत ते सापडलं, तरी डॉक्टरांकडे जायला हवं. आधी लस टोचलेल्या कुत्र्यालाही अशा झटापटीनंतर लगेच बूस्टर लागतो. हे कुणी सांगतच नाही. रक्त निघालेल्या चाव्याला, आधी लस न घेतलेल्या माणसाला, लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लगेच लढणारी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. ते दवाखान्यात नसेल, तर जवळ कुठे मिळेल याचा फलक तरी दारावर असावा.

‘कोल्हे मारून टाका’ ही मागणी तुमच्याकडे येईलच. युरोपात ते करून झालं, साथ हटली नाही. स्वित्झर्लंडने १९७८ साली कोंबडीच्या मुंडक्यांत लस दडवून ती रानात टाकायला सुरुवात केली आणि १९९९ मध्ये तो देश रेबीजमुक्त जाहीर झाला. (कोल्ह्याला सुई टोचायला कोण जाणार!) सगळीकडे हा उपाय जमेलच असं नाही, पण आपल्या रानात कोणता प्राणी विषाणू वाहतो हे तपासल्याशिवाय ते ठरणार तरी कसं?

तोवर निदान एक फोन क्रमांक तिन्ही खात्यांनी मिळून जाहीर करावा. दिवसाढवळ्या माणसाला न बुजता फिरणारा कोल्हा दिसला, तर तो कुणाला कळवायचा, हे आज मला माहीत नाही.

आपला,
एक श्वानपालक